घराचा शब्द

बाई,

तुमच्या शाळेला कुलूप लागलं त्याला आता दुसरं वर्ष. पट कमी झाला म्हणून मुलं नाल्यापलीकडच्या शाळेत नेली. तुमचे मिस्टर रेल्वेत होते, त्यांनी घंटेसाठी डहाणूहून आणून दिलेला रुळाचा तुकडा अजून सागाला टांगलेला आहे. परवा शेळ्या शोधत तिकडे गेले तेव्हा दगडाने एकदा वाजवून पाहिला. आवाज तोच आहे, धावत येणारं कुणी नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले, कारण मी निवडणूक हरले आहे आणि त्यातली एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आमदारकीची निवडणूक, बाई. हसू नका. दोन मोठे पक्ष, त्यांच्या गाड्या, त्यांचे भोंगे, आणि त्या दोघांत आमचा तिसरा, ज्याच्या कार्यालयात एक टेबल आणि एक कुरकुरणारा पंखा आहे. जागा आदिवासींसाठी राखीव. शाळा बंद झाली तेव्हा मी पाड्यातल्या बायकांना घेऊन कचेरीसमोर बसले होते, ते या तिसऱ्या पक्षातल्या कुणीतरी पाहिलं होतं. "ताई, उभ्या राहा. निवडून नाही आलात तरी शाळेचं बोलणं तरी होईल," म्हणाले. मी हो म्हटलं. चिन्ह मिळालं रोड रोलर. ज्या पाड्यांना रस्ताच नाही तिथे मी रोड रोलरचं चित्र घेऊन पायी हिंडले. लोक हसले, मीही हसले. नंतर नंतर हसायचीही ताकद राहिली नाही.

पण मी निघालेच मुळी उशिरा. अर्ज भरला तेव्हा आमचं भात उभं होतं. डहाणूहून पक्षाचे फोनवर फोन, "ताई, प्रचार कधी सुरू करताय?" आणि मी म्हणे, "भात कापून झालं की." उभं भात टाकून मतं मागायला जायचं, हे आमच्यात कुणाच्या मनातही येत नाही. पक्षातली शहरातली पोरं कपाळाला हात लावत. भात कापलं, बांधलं, खळ्यावर आणलं, मग मी घराबाहेर पडले. तोवर दोघेही मोठे सगळ्या ओट्यांवर बसून गेले होते.

आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस ओट्यावर येतो, पाणी पितो, मागणं घालतो. घरातल्या थोरल्याने हो म्हटलं की शब्द गेला. मग मागणं पोरीचं असो, बैलाचं असो की मताचं. आधी आला त्याचा शब्द. तलासरीकडच्या एका पाड्यावर म्हातारीने मला जवळ बसवून घेतलं, माझ्या पायांना तेल लावलं आणि म्हणाली, "बाय, तू चांगली हायेस. पन शब्द गेला ना आता. आधी आली असतीस तं." तिकडे किनाऱ्याला चिखले गावात सुकी मासळी निवडत बसलेली एक बाई मान वर न करताच म्हणाली, "तिसरी काय तू? बस. दोघांना चाय पाजला, तुलापन पाजते." चहा चांगला होता. मत मागायचं राहूनच गेलं.

आणि माझ्या स्वतःच्या घरातही तेच. नवरा गेल्यापासून मी थोरल्या दिरांच्या घरात राहते. त्यांना मी दादा म्हणते. माझं उभं राहायचं ठरण्याआधीच त्यांनी बोअरिंगच्या बोलीवर एका मोठ्या पक्षाला शब्द दिला होता, आपल्या घराचा आणि त्यांच्यामागून सगळ्या पाड्याचा. अर्ज भरून आले त्या संध्याकाळी ते खळ्यावर उभे राहून म्हणाले, "तू उभी ऱ्हा, माझी ना नाय. पन घराचा शब्द गेलाय." मी म्हटलं, "बरं, दादा." रागसुद्धा आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

तेव्हा मला तुमचा तो शनिवार आठवला. शाळेचा मंत्री निवडायचा होता. तुम्ही फळ्यामागे डालड्याचे दोन डबे ठेवलेत, एक माझा आणि एक माझ्या मैत्रिणीचा, आणि प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका दिलात. मी फळ्यामागे जाते. माझ्या डब्यावर माझं नाव लिहिलेलं आहे. घरी पाहुण्यांना वाढून झाल्याशिवाय आई स्वतः घास घेत नाही, आणि इथे मी आपल्याच हाताने आपल्याला वाढून घ्यायचं? चिंचोका मैत्रिणीच्या डब्यात टाकून मी बाहेर येते. ती जिंकली, अगदी थोडक्यात. माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही ओळखलंत. सगळी मुलं गेल्यावर म्हणालात, "तुझा तुझ्यावर भरवसा नाही, तर बाकीच्यांनी का ठेवावा गं?" मी रडले. मग घंटा वाजवायचं काम तुम्ही मला दिलंत. शाळा सुटेपर्यंत ते माझ्याकडेच होतं.

मतदानाच्या दिवशी माझ्या बाजूने आत बसायला एजंट मिळेना. ज्यांना विचारलं ते लाजेने खाली बघत. शेवटी दादाच धुतलेला सदरा घालून आले. "मी बसतो," म्हणाले. "शब्द मताचा दिलाय, बसायचा नाय दिला." दिवसभर ते माझ्या नावाची चिठ्ठी छातीला लावून बाकावर ताठ बसले होते, जेवायलाही उठले नाहीत. त्यांच्यासमोरून मी आत गेले. पुठ्ठ्यामागे यंत्र होतं आणि यंत्रावर माझा फोटो. तुमचा आवाज ऐकू आला, खोटं नाही सांगत. एक बटण दाबलं आणि बाहेर आले. दादा नेमके खिडकीबाहेर बघत होते.

मतमोजणीला मी एका कोपऱ्यात बसले होते. पहिल्या फेरीतच सगळं कळून चुकलं. आमच्या पाड्याच्या केंद्राचा आकडा वाचला तेव्हा माझ्या नावापुढे एक होता. शेजारचा कुणी हसला आणि म्हणाला, "ताई, आपलं स्वतःचं तरी पडलं." मी मान हलवली.

दादा बाहेर झाडाखाली थांबले होते. आम्ही बसस्टँडकडे चालू लागलो. वाटेत त्यांनी विचारलं, "आपल्या पाड्यात किती?"

"एक."

ते थांबले. "एकच?" म्हणाले, आणि म्हणून गेल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी दोन धरली होती. जन्मात कधी दिलेला शब्द न मोडलेल्या माणसाने माझ्यासाठी तो मोडला होता, आणि आता त्यांनाही कळलं होतं की मी काय केलं. घरी आल्यावर त्यांनी मला आधी पाणी दिलं. आमच्याकडे दीर भावजयीला पाणी देत नाही.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते एका परीने बरं आहे, नाहीतर पुन्हा रागावला असतात. शाळेसाठी उभी राहिले, गावोगाव हिंडले, आणि शेवटी फळ्यामागे गेल्यावर, बाई, चिंचोका मी याही वेळी दुसऱ्याच्याच डब्यात टाकला.