लेडीज क्लासात लंडनचे पाच शेर

६ मे १९७५, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं. डायरी औषधाच्या दुकानातून फुकट भेटली होती, पडूनच होती. वाचणारं कोणी नाही. माझ्या नवऱ्याले, रुपरावले, स्वतःचं नाव वाचता येत नाही. मी तिसरी पास. चौथीत बसली होती, आईनं उठवून नेली.

आज मॅनेजर मधुकररावनं बोलावलं. म्हणे, पंचफुलाबाई, लेडीज क्लास बंद करतो. मधातली भिंत पाडतो. बाया आता नवऱ्यासोबत बाल्कनीत बसतात, खाली तुमच्या खुर्च्यांवर मांजर झोपते. मी म्हणलं, अन् मी? म्हणे, तुमचं पाहू.

पाहू म्हणजे काय ते मले समजते. माझ्या लग्नात सासरा चार बांगड्यांचं पाहू म्हणला होता. पाहता पाहता मरून गेला.

टॉकीज उघडली तेव्हापासून लेडीज क्लासच्या दारावर माझी खुर्ची आहे. टॉर्च माझ्या हातात. लेकरू रडलं तर मी बाहेर काढते. माणूस डोकावला तर त्याच्या डोळ्यात टॉर्च मारते. घरी माझं कोणी ऐकत नाही, इथं सारा क्लास ऐकते. अन् हा म्हणते पाहू!

मी म्हणलं, शुक्रवारच्या नव्या पिक्चरले लेडीज क्लास भरून दाखवते. हसला. म्हणे, इंग्रजी पिक्चर आहे बाई. म्हणलं, असू दे. म्हणे, ठीक, हा पिक्चर उतरेपर्यंत तुमची खुर्ची.

ठरलं.

७ मे

पोस्टर लागलं. हिंदीत लिहून आहे, लंदन के पाँच शेर. शेर एकही नाही. चार माणसं अन् एक बाई. सारे गरम कोटात. पाहूनच घाम आला.

मशीनवरच्या कृष्णकांतले विचारलं, हे कोण गा? म्हणे, मावशी, हे जुन्या इंग्रजी पुस्तकांतले हिरो, त्यांच्या राणीच्या जमान्यातले. एक भिंग घेऊन चोर पकडते. एक पाण्याखालून आगबोट चालवते. एक डॉक्टर औषध पिऊन राक्षस होते. एकाच्या अंगाले पट्ट्या, सोडल्या तर आत काहीच नाही. अन् ही काळ्या कोटातली बाई, तलवार चालवते. हरेक जण वेगळ्या पुस्तकातला. चित्रांच्या गोष्टी काढणाऱ्या कोणीतरी साऱ्यांले एका गोष्टीत आणलं, त्याचा हा पिक्चर.

मी म्हणलं, वेगळ्या पुस्तकातले लोक एका टेबलावर जेवतात कसे? सोयरीक असल्याबिगर? म्हणे, लंडनवर संकट येते, म्हणून एक होतात.

संकट आलं की लोक एक होतात म्हणे! आमच्या सासरी पूर आला तेव्हा दोघं दीर एकाच झाडावर बसून बांधावरून भांडत होते.

कृष्णकांतले काही समजत नाही. भोकातून पाहते, भोकाएवढंच समजते.

९ मे, शुक्रवार

पिक्चर लागला. दुपारच्या शोले लेडीज क्लासात तीन बाया. इंटरवलले दोघी उठल्या. म्हणे, काय बोलून राहिले ते समजत नाही वं. तिसरी बसून राहिली. तिची चप्पल सापडत नव्हती.

उपाय सापडला. मंदिरात महाराज संस्कृत सांगतात, कोणाले समजते? समजावून सांगतात म्हणून बाया बसतात. उद्यापासून मी पडद्याबाजूले उभी राहून पिक्चर समजावणार.

मले इंग्रजी येते. एक्झिट, नो स्मोकिंग, इंटरवल, दि एन्ड. बाकी चेहऱ्यावरून समजते.

१० मे, शनिवार

मधुकरराव मुद्दाम करते. मी आज बोलणं सुरू करणार, तर यानं आजच लेडीज क्लासात कूलर आणून बसवला. मालकाच्या बंगल्यावरचा जुना. गल्लीकडली खिडकी आमच्याच बाजूले आहे म्हणून इथं. त्याची खसच्या गवताची ताटी नवी आहे, वास बरा आहे. पण आवाज पिठाच्या गिरणीचा. मी ओरडून ओरडून सांगितलं.

गोष्ट मी नीट बसवली आहे. हे चौघं चुलत भाऊ. लंडनच्या बाहेर त्यांचा संत्र्याचा बगीचा. बुढा मेला, वाटणी झाली नाही. टोपीवाला म्हातारा व्हिलन म्हणजे त्यांचा मामा, त्याले बगीचा हडपायचा आहे. काळ्या कोटातली मोठी सून. तिचं कोणी ऐकत नाही, म्हणून तलवार.

आठ-दहा बाया होत्या. एकही उठली नाही.

१२ मे, सोमवार

ऊन भयानक. रस्त्यावर डांबर चपलेले चिकटते. अशातही बाया येऊन राहिल्या! अर्धा क्लास भरला. आमच्या गल्लीतली गोपिका कुरड्या वाळत टाकून आली, पहाऱ्याले नवरा बसवला. शेजारची रुखमाबाई, जी देवळातही पाच मिनिटं बसत नाही, ती शेवटपर्यंत होती.

सकाळी अन् संध्याकाळी बाया येत नाहीत. फक्त दुपारी. दुपारी माझा आवाज चांगला लागते.

१४ मे

पुढच्या रांगेसाठी आज भांडण. दोघी एकमेकीच्या झिंज्या धरायच्या बाकी होत्या. मी कूलरच्या बाजूले उभी राहते, तर साऱ्यांले तिथंच बसायचं. म्हणलं, माय हो, मागंही ऐकू येईल, मी जोरानं बोलते. एक म्हणे, तू कितीही जोरानं बोल वं, आम्हाले इथंच बसू दे.

इतकी ओढ.

१५ मे

हाउसफुल्ल!

डोळे मिटून ऐकतात बाया. कीर्तनात ऐकतात तशा. एकही लेकरू रडलं नाही, मांडीवर गपगार. राक्षस टेबलं फेकून राहिला होता तरी एक बाई हलली नाही. रुखमाबाई मधात मधात हुंकार देते, घुर्र, घुर्र. ऐकणारं असं पाहिजे.

दि एन्ड झाला तरी उठत नाहीत. एकेकीच्या खांद्याले धरून हलवावं लागते, इतक्या गुंग.

मधुकररावले म्हणलं, पाहिलं? म्हणे, मानलं बुवा, कूलर चांगला कामी आला. मी म्हणलं, हो, तुम्ही तुमचं सांगा.

माणसाले बाईचं श्रेय देववत नाही.

१६ मे, शुक्रवार

घरी रुपरावले गोष्ट सांगून पाहिली. तो वाडीच्या गोदामात ट्रक खाली करते. पाण्याखालच्या आगबोटीपर्यंत आला अन् घोरायले लागला. हलवला तर म्हणे, तू बोलत राय, चांगली झोप लागते.

रसिक नाही.

मले मात्र झोप नाही. इकडून तिकडं फिरून राहिली. शेवट अजून बसला नाही. मामाचं काय करायचं? पिक्चरमध्ये त्याले सुरुंगाची दोरी पेटवून उडवतात. बायांले ते पटणार नाही, मामा आहे. मी त्याले माफी मागायले लावते. एकदा जेलात टाकला. एकदा सुनेच्या पाया पडायले लावला, तेव्हा मलेच रडू आलं. बाया डोळे मिटून होत्या म्हणून त्यांचं रडू दिसलं नाही.

१८ मे, रविवार

आज रुखमाबाई उशी घेऊन आली. म्हणलं, काहून? म्हणे, मानेले. मी समजली. रडू आलं तर तोंड दाबायले असेल. बाईले लाज वाटते.

कृष्णकांत म्हणे, मावशी, आज मी तिसरं रीळ आधी लावलं, दुसरं नंतर. मेलेला माणूस जिवंत झाला. कोणी ओरडलं नाही काय? म्हणलं, तुमच्या गेन्ट्स क्लासात ओरडले असतील. माझ्या बायांले काही फरक पडला नाही. मी सांभाळून घेतलं, तो जुळा भाऊ आहे म्हणलं.

टॉकीज माझ्यामुळं चालून राहिली. बाकीचं नुसतं मशीन.

२० मे, मंगळवार

घसा बसला. सितोपलादी खाल्लं, हळद-दूध प्यायली. काही उपयोग नाही. सारा दोष त्या कूलरचा. घर्रघर्र, घर्रघर्र. मी सुनेचं दुःख सांगू का त्याच्यावर ओरडू? मागच्या बायांले अर्धंच ऐकू जात असेल. बिचाऱ्या न बोलता सोसतात.

उद्या मधुकररावले सांगणार. कूलर काढा. मग पाहा. मागच्या रांगेत उभ्या राहतील बाया.

२१ मे

सांगितलं. तो माझ्याकडं पाहतच राहिला. म्हणे, बाई, पक्कं? पुन्हा म्हणाल नाही न? मी म्हणलं, पक्कं. वर बाल्कनीत न्या, त्या आळशी लोकांले लावा. म्हणे, बाल्कनीवाले तर रोजच मागून राहिले, वरही एक खिडकी आहे. दोन माणसं बोलावली अन् लगेच उचलला. इतक्या लवकर यानं माझं कधी ऐकलं नव्हतं.

वजन वाढलं आपलं.

आता क्लासात कशी शांती. उद्याच्यासाठी पट्टीवाल्याचं लहानपण तयार केलं आहे. त्याले पट्ट्या कशा लागल्या ते. चुलीचा प्रसंग आहे.

२२ मे, गुरुवार

दुपारी साऱ्या आल्या. दारातून आत आल्या, कोपऱ्यात पाहिलं, एकमेकीकडं पाहिलं. शेर पडद्यावर यायच्या आधीच निम्म्या उठल्या. मी चुलीपर्यंत आली तर आठ. इंटरवलले दोन.

आज गुरुवार. उपास असते बायांचा.

२३ मे, शुक्रवार

चार. आज कुठंतरी लग्न असेल. बँड ऐकू आला.

२४ मे

एक. तीही चुकून आलेली, कामठीची पाहुणी. तिले साऱ्या भावांची नाती पहिल्यापासून सांगितली. ती म्हणे, मावशी, पंखा तरी लावा न. म्हणलं, लक्ष गोष्टीत ठेव.

मधुकरराव दारातून पाहून गेला. रिकाम्या खुर्च्या मोजल्या. त्याचं मोजणं मले आवडत नाही.

२५ मे, रविवार

सरळ रुखमाबाईच्या घरी गेली. म्हणलं, काहून येत नाही वं? सुनेचं काय होते ते पाहायचं नाही काय? ती टिनाखाली पदरानं वारा घेऊन राहिली होती. म्हणे, कोणती सून? म्हणलं, काळ्या कोटातली. म्हणे, पंचफुला, खरं सांगू? मी त्या पिक्चरमधलं एक माणूस पाहिलं नाही. घरात भट्टी पेटली राहते. तिथं तिकीट काढून डोळा लागत होता. कूलर कुठं गेला ते सांग.

मी म्हणलं, तू हुंकार देत होती. म्हणे, मी घोरते. माझ्या नवऱ्याले विचार.

तिच्या घरचं पाणीही न पिता आली.

जळते ती. तिले चार शब्द बोलता येत नाहीत.

२६ मे

गोपिकाले विचारलं. तीही तेच म्हणे. दोघींनी ठरवून सांगितलं असेल.

मग चप्पल न सापडलेल्या बाईले विचारलं. ती या दोघींले ओळखतही नाही.

२७ मे, मंगळवार

मधुकररावले म्हणलं, कूलर खाली आणा. म्हणे, बाई, वर बाल्कनी भरून आहे. दुपारी साऱ्या बाया वरच येऊन राहिल्या, तिकीट महाग तरी. म्हणलं, कोणत्या बाया? म्हणे, तुमच्याच.

म्हणलं, पिक्चर उतरेपर्यंत माझी खुर्ची आहे. म्हणे, आहे न. गुरुवारी उतरते.

रात्री रुपराव म्हणे, जेव. नाही जेवली. म्हणे, मग ते लंडनचं सांग. म्हणलं, नाही सांगत. बराच वेळ कूस बदलत राहिला. त्याले झोप येत नव्हती.

२९ मे, गुरुवार

शेवटचा दिवस. भिंत पाडायले उद्या गवंडी येणार. खुर्ची मधुकररावनं आजच उचलली. म्हणे, पंचफुलाबाई, तुम्हाले काढत नाही. बाल्कनीतल्या कूलरमध्ये पाणी टाकायले माणूस पाहिजे. ताटी सुकली की बाया ओरडतात.

बादली घेऊन वर गेली. साऱ्या तिथं. रुखमाबाई उशीसकट पुढच्या रांगेत. गोपिका म्हणे, आली वं माय, टाक लवकर, हवा गरम येऊन राहिली. मी पाणी टाकलं. सारा बाल्कनी क्लास ऐकल्यासारखा एकदम शांत झाला. अशी शांती माझ्या चुलीच्या प्रसंगाले भेटली नव्हती.

तोंड उघडलं होतं. म्हणणार होती, पाहा, आता मामा येते. एक बाई डोळे न उघडता म्हणे, बोलू नको वं, बादली भरून आण.

भरून आणली. मग ठरवलं की आज तरी खरा शेवट पाहायचा. मी रोज बायांकडं तोंड करून उभी राहत होती, पडदा पाठीमागं. मामाले सुरुंगानं उडवतात हेही कृष्णकांतनंच सांगितलं होतं. बादली उलटी केली, कूलरच्या बाजूले बसली. खसचा वास. गार हवा. पाची जण एका टेबलाभोवती बसून काहीतरी ठरवून राहिले होते.

गवंड्यानं खांद्याले धरून हलवलं तेव्हा शो सुटून गेला होता. तो खालच्या भिंतीचं माप घ्यायले आजच आला होता, टॉर्च मागायले वर चढला. म्हणे, मावशी, उठा, पिक्चर संपला.