दारावरचा सराव

प्रिय ताई,

तुला कोणत्या कोठडीत ठेवले आहे ते कळेपर्यंत हे पत्र माझ्याच खिशात राहील.

या परक्या देशात आपल्या लोकांसाठी भरणाऱ्या रविवारच्या वर्गात मी सर्वांना पद्धतशीर शिकवले होते: कातडीचा रंग पाहून धरपकड करणारे पोलीस दाराशी आले, तरी दार उघडायचे नाही, न्यायाधीशांच्या सहीचा हुकूम आधी खिडकीतून दाखवायला सांगायचे. न सांगता केलेला सरावच अंगवळणी पडतो, म्हणून मी अवचित घरोघरची दारे ठोठावून दरडावत असे. तू आतून म्हणायचीस, "मेल्या, पोलीस असा किनरा बोलतो होय?"

तुला नेले त्या सकाळचे शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितले. दार दणाणले, बाहेरून कुणी ओरडले, आणि तू हसत म्हणालीस, "शाब्बास रे! आज अगदी खरा वाटतोस." कौतुकाने तू दार उघडलेस.

काल वर्गात काकूंनी विचारले, "सर, खरा कोण, ते आतून ओळखायचं कसं?" एका प्रश्नाला तीन उदाहरणे देणारा मी, कोराच फळा पुसत राहिलो.

हल्ली संध्याकाळी आपल्या घरी आलो की आधी दार ठोठावतो, दरडावतो, जरा थांबतो. मग किल्ली काढतो.

तुझा,
खोटा पोलीस