भांडून बघ, आत्या

प्रिय आत्या,

हे पत्र तुला मिळणार नाही. निकाल उद्या जाहीर होईपर्यंत घरच्यांनाही काही सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. पण मला तर राहवत नाही.

सुपरसिमेट्रीच्या सिद्धांतातल्या ज्या कणाचं गणित तू आयुष्यभर मांडलंस, तो आम्हाला सापडला नाही. विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य तुझ्या त्या कणाचं बनलेलं असतं, तर तो आमच्या प्रयोगातल्या द्रवरूप झेनॉनच्या टाकीत दिसलाच असता.

"तुमची टाकीच आंधळी असेल," असं तू म्हणशील. म्हणून हे ऐक. आम्ही जागे आहोत का ते बघायला आमच्या प्रयोगाच्या प्रमुखांनी खऱ्या नोंदींत काही बनावट कण गुपचूप मिसळले होते. ते कुठले, हे त्यांनी आज उघड केलं. मी एकही सोडला नव्हता.

"सगळे पकडलेस की गं," ते म्हणाले. मी आधी यादी पुन्हा ताडून पाहिली, मग हसले. बनावट कण वगळल्यावर मागे काहीच उरलं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवताना तूही गणितात मुद्दाम चूक पेरायचीस आणि चहा पीत माझ्याकडे बघत बसायचीस. म्हणायचीस, "नाही म्हणायचं तर असं म्हण, की मला भांडता येणार नाही."

तुझा कण मीच खोडला, याचं वाईट वाटायला हवं. पण आज मी जिन्यावरून उड्या मारत उतरले.

उद्या निकालाच्या सभेत तू पहिल्या रांगेत बसशील. खुशाल हात वर कर.

तुझ्याच टेबलावर शिकलेली,
तुझी भाची