चिनूच्या गालावरची तीट

शनिवार, संध्याकाळ

औरंगपुऱ्यातल्या एजंटाकडून चिनूच्या व्हिसाचा अर्ज तपासायला आणला. सगळं बरोबर, फक्त ओळखीच्या खुणेपुढं त्यानं लिहिलंय, ‘डाव्या गालावर मोठा तीळ’. नऊ महिन्यांच्या माझ्या लेकराला कुठला तीळ? फोटो पाहिला अन् हसूच आलं. फोटो काढायला निघताना सासूबाईंनी लावलेली काजळाची तीट! मी पुसली कशी नाही?

जॉर्जियाच्या डोंगरात आठ दिवस तंबूत राहायचं ठरवल्यापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. “खुलताबादच्या घाटात लेकरू ओकतंय, अन् निघाले परदेशातले डोंगर चढायला!” त्यांचं चुकतंय का? धास्ती मलाही वाटते. पण त्यांच्यापुढं कबूल कोण करणार?

चहाच्या वेळी त्यांना तो तीळ वाचून दाखवला. म्हटलं, सोमवारी दुरुस्त करून आणते. कितीतरी दिवसांनी त्या खळखळून हसल्या. मग उठून आत गेल्या आणि काजळाची डबी आणून माझ्या हातात ठेवली.

“कागद सुधार, पण तीट रोज लाव. तिथल्या डोंगरांनी तरी असं लेकरू कुठं पाहिलंय? नजर लागंल.”

डबी चिनूच्या उलटीच्या औषधाशेजारी ठेवलीय. सामानातल्या पहिल्या दोन वस्तू.