आवडाबाईची पाचवी प्रत

मी, पंढरी धाकू नाखवा, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचा मजकूर वाचताना त्याची गरज पडेल.

१. माझी राहती दोन खोल्यांची जागा पुतण्या कान्हा दामाजी नाखवा याला मिळावी. अट एकच, ती कलम चारमध्ये आहे.

२. छपाईच्या जाळ्या, लाकडी चौकटी आणि शाईचे डबे डोंबिवलीच्या मधु पाटकरला द्यावेत. आम्ही दोघांनी एकाच कारखान्यात पंचवीस वर्षं लेबलं छापली. तिथले मालक त्र्यंबकशेट यांनी मी काढलेली अक्षरं स्वतःची म्हणून खपवली. त्यांना एक चौकटही मिळू नये. माझ्या दहाव्याला आलेच तर चहा द्यावा, बिनसाखरेचा.

३. कपाटातल्या एक्केचाळीस वीतभर लाकडी होड्या, ज्या घरांच्या होड्यांवरून केल्या त्या घरांना द्याव्यात. रंग मी ब्रशने दिला, नावं मात्र छापली, कारण तांदळाएवढी अक्षरं हाताने काढली तर थरथरतात. डिंकाचा थर दिलेल्या कागदावर नाव छापायचं, वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मारायचं. कागद पाण्यात सोडला की डिंक सुटतो, नाव अलगद सरकतं आणि होडीवर बसवता येतं. आम्ही त्याला ट्रान्सफर म्हणतो. बेचाळिसावी होडी कोणालाही देऊ नये.

४. १९८४ साली माझ्या धाकट्या भावाने, दामाजीने, नवी होडी बांधली आणि तिला आमच्या आईचं नाव ठरवलं, आवडाबाई. आईचा सगळा जीव दामाजीवर. मी शाईच्या वासाचा, डोंबिवलीला जाणारा. ती मरताना मी उशाशी बसलो होतो, तरी तिने हाक मारली ती त्यालाच. हे इथे लिहितो, कारण पुढचं त्यातूनच घडलं.

आमच्यात पूजा होऊन नारळ फुटल्याशिवाय होडीच्या नावाला खाडीचं पाणी लावत नाहीत. दामाजीने बजावलंही होतं, "दादूस, पूजा झाल्याबिगर नाव पान्याला लावाचा नाय, म्हाईत हाय ना?" मला माहीत होतं. पण आईचं नाव त्याच्याआधी मी लिहावं, एवढा एकच हट्ट डोक्यात बसला होता. एका कागदावर पाच प्रती छापल्या. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी खाडीचं पाणी ताटलीत घेतलं आणि पूजेच्या आदल्या दिवशीच पहिली प्रत माझ्या बेचाळिसाव्या होडीवर चढवली. चौथ्या दिवशी दामाजी आवडाबाई घेऊन समुद्रात गेला. त्याचं किंवा होडीचं काहीही हाती लागलं नाही.

उरलेल्या चार प्रती मी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. १९८६ साली उघडून पाहिलं तर तीनच होत्या. चौथीच्या जागी कागद ओला, जिभेला खारट. ते नाव दामाजीच्या ओट्यावरच्या जुन्या वल्ह्यावर सापडलं, आणि वल्हं त्याच पावसाळ्यात भरतीने नेलं. दोन वर्षांनी आणखी एक प्रत गेली, ते नाव आईच्या पितळी कळशीवर दिसलं. कळशी विहिरीत पडली. गळ टाकून दमलो, सापडली नाही. १९९१ साली मंजुळा वहिनीच्या, म्हणजे कान्हाच्या आईच्या, चपलेच्या पट्ट्यावर. मी पाहिलं आणि गप्प राहिलो. लोक वेडा म्हणतील याची लाज वाटली. त्याच आठवड्यात ती शहाडला बहिणीकडे गेली आणि नदीवर पाय घसरून बुडाली. कान्हा, तुझी आई माझ्या गप्प बसण्याने गेली. हे तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता कान्हाने होडी बांधली आहे. परवा आला. "काका, आजीचंच नाव टाकणार मी. तुझ्याकडे लास्टचा पीस आहे ना, तो दे. पेंटर सेम तसंच काढेल."

"अरे, दुसरं कुठलंही ठेव."

"बाबा गेलेला म्हणून घाबरतोस काय? नाव तर आजीचं आहे."

रागावून गेला. म्हणून अट अशी, की त्या होडीला हे नाव दिलं तर जागा त्याला मिळू नये. शेवटची प्रत मी पाकिटात घालून लाखेने बंद केली आहे. ती माझ्यासोबत जाळावी.

५. वरची अट मी रद्द करतो. आज सकाळी साक्षीदारांना, म्हणजे मधुला आणि शेजारच्या शांताबाईंना, दाखवायला पाकीट फोडलं. लाख शाबूत होती, कागद ओला आणि कोरा. आम्ही तिघं बंदरावर धावलो. कान्हाच्या होडीची फळी न् फळी पाहिली, मग त्याच्या चपला, सायकल, शर्टाच्या बाह्या. तो हसत होता. कुठेच काही नव्हतं. घरी येऊन सहीसाठी पेन उचललं, तेव्हा शांताबाईंनी माझं मनगट धरलं.

आतल्या बाजूला, नाडीवर, आईचं नाव आहे. साबणाने जात नाही, टर्पेंटाइननेही नाही. मधु म्हणतो, माझ्याकडे डोंबिवलीला चल, पाण्यापासून लांब राहा. मी जाणार नाही. कागदावर आता एकही प्रत उरलेली नाही. कान्हाने हवं ते नाव ठेवावं, जागा त्याचीच आहे. बेचाळिसावी होडी मी बरोबर खाडीवर नेतो. मला कोणी अडवू नये. आईने जन्मात पहिल्यांदा दामाजीला सोडून मला हाक मारली आहे.

सही: पंढरी धाकू नाखवा

साक्षीदार:
१. मधु पाटकर, डोंबिवली (सही)
२. शांताबाई मोरेकर, चेंदणी (डाव्या अंगठ्याचा ठसा)

मनगट आम्ही दोघांनी पाहिलं. अक्षरं अजून ओली आहेत. – मधु

ठिकाण: ठाणे
दिनांक: २० ऑगस्ट १९९४, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस