एका ठोक्याची मुभा

मी, टेलका उब्बेन, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्व फ्रीसलंडातल्या वेस्टरवार गावच्या चर्चची ऑर्गनवादक, हे सारं पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली नव्हे तर तीन कप चहा पिऊन, स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात फोल्कर्ट आयल्ट्स यांच्याविषयी जे लिहिलं होतं, तेही.

१. राहतं घर भाची हिल्केला. मागचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

२. बँकेतली शिल्लक ऑर्गनच्या भात्यांच्या कातड्यासाठी. साडेपाचशे वर्षांचं वाद्य वाऱ्यावर जगतं आणि उंदरांना कातडं आवडतं. त्या पैशांतून विजेवरचा की-बोर्ड घेऊ नये. माझ्या अंत्यविधीला तो वाजवलात तर मी उठून बसेन.

३. उन्हाळ्यात शहरातून लोक ऐकायला येतात, त्यांच्यासाठी. आपला ऑर्गन जुन्या रीतीने लावलेला आहे. पंचमाच्या बाकी सगळ्या जोड्या अगदी शुद्ध, म्हणून सगळा उरलेला फरक स्वरांच्या एकाच जोडीत साचतो. ती जोडी दाबली की लांडगा ओरडल्यासारखं वाजतं, आम्ही तिला लांडगाच म्हणतो. लोक विचारतात, "बिघडलाय का हो?" रागावू नये. आधी एक शुद्ध पंचम दोन मिनिटं धरून ठेवावा, कान ताळ्यावर आले की मग वाजवावं. जाताना कितीजणांनी माझा हात हातात घेतला! त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

४. नळीच्या तोंडावर ठोकून सूर लावायचे पितळी शंकू फोल्कर्ट आयल्ट्स यांना. वाचणाऱ्याने पुन्हा वाचावं, चूक नाही. फोल्कर्ट चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. तीस वर्षं म्हणत आले, "टेलकाबाई, तुमच्या ऑर्गनला पडसं झालंय!" मी म्हणायची, "ऑर्गनला नाही, तुमच्या कानाला." सगळी गीतं वाजवता यावीत म्हणून नळ्या ठोकून पियानोसारख्या लावाव्यात, हा ठराव त्यांनीच समितीपुढे आणला. तसं झालं असतं तर नळ्यांचं जुनं शिसं फाटलं असतं. ठराव एका मताच्या फरकाने पडला आणि ते मत पाळकांचं समजून मी त्यांचे आभार मानत राहिले. गेल्या हिवाळ्यात समितीतल्या गेशेने सांगितलं, ते मत फोल्कर्टचं होतं. स्वतःच्याच ठरावाविरुद्ध!

मी त्यांना चहाला बोलावून विचारलं. "बैठक लांबली होती, संपवायची होती," म्हणाले आणि कप ढवळू लागले. आमच्याकडे खडीसाखर तळाशी, साय वर. चहा कुणी ढवळत नाही. मी चमचा काढून घेतला. शेवटी म्हणाले, "आदल्या दिवशी मागच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही सूर लावत होता. तो पंचम जुळला आणि... जाऊ द्या ना, टेलकाबाई."

५. कबुली. मधल्या रांगेतली सातवी नळी उतरलेली आहे, असं फोल्कर्ट सांगत आले. खरं आहे. तेविसाव्या वर्षी मी ती उबदार मुठीत धरून लावली. निवल्यावर स्वर उतरला. माझे गुरू हार्म म्हणाले, "राहू दे आता. प्रत्येक ठोका नळीचं आयुष्य खातो." नळी तशीच ठेवली ते बरोबर, पण फोल्कर्टना खोटं पाडलं ते चूक. त्यांची क्षमा मागते. त्या नळीला एक ठोका द्यायची त्यांना मुभा आहे. एकच, आणि हात गार करून. मग हिल्केला तो पंचम धरायला सांगून त्यांनी मागच्या बाकावर जाऊन बसावं.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथला कायदा साक्षीदार मागत नाही, चहाला मात्र लागतात. फोल्कर्टना बोलावलं नाही. ते शंकू घेऊन आजच शिडी चढले असते.

साक्षीदार: गेशे यान्सेन, वीप्के हारिंगा
सही: टेलका उब्बेन
वेस्टरवार, ११ मार्च २०१९