मातीच्या पोटातली धग

लालबाग, दि. ५-२-९०

चि. पद्मजा बायला शेवंताआजीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरी, तूही तिकडे धड असावीस.

तुझं पत्र मी रखमाला, काशीबाईला, खालच्या इस्त्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. आमची नात निलगिरीच्या डोंगरावर माती तपासते, म्हटलं! मी दुसरीपर्यंतच शिकलेली, पानभर लिहायला दोन दुपारी लागतात, तेव्हा अक्षराला हसू नको.

पण ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं, हे ऐकून तुझे आजोबा उठूनच बसले. म्हणाले, हे रंगखात्याच्या गटाराचं पाणी, वर कुठेतरी मिल असणार. मी म्हटलं, डोंगराच्या टोकावर मिल कोण बांधील? तर माझ्यावरच डाफरले. संपाला आठ वर्षं झाली, आता हे प्रभादेवीला एका बिल्डिंगीत वॉचमन, पण यांना सगळीकडे मिलच दिसते. पाणी उकळून पी, नि ते कशाने रंगतं ते कळव.

तुझ्यावरचा लोभ तसूभर कमी न होणारी,
आजी

*

दि. १२-२-९०

ती. आजी-आजोबांस पद्मजाचा शि. सा. न.

मिल नाही गं आजी. इथे डोंगरांमधल्या खोलगट जागी पाणी साचून राहतं. त्यात गवत मरतं, पण बुडालेलं असल्यामुळे पुरतं कुजत नाही. थरावर थर साचून हजारो वर्षांत काळी, भिजल्या स्पंजासारखी माती झाली आहे. तिला पीट म्हणतात. चहापत्तीचा उतरतो तसा तिचा रंग पाण्यात उतरतो. गवताने हवेतून घेतलेला कार्बन त्या मातीत अडकून पडलाय. ओली आहे तोवर तो आत राहतो. सुकली, जळली, की परत हवेत.

आणि तेच झालंय. झाडं लावायची म्हणून कुणीतरी चर खणून पाणी काढून टाकलं. माती सुकली, नि गेल्या सोमवारी वणवा शिरला. वनखात्याच्या माणसांनी पंप आणून पाणी मारलं, ज्वाळा गेल्या, आग विझल्याचं कागदावर लिहूनही झालं. महिनाअखेर पंप खाली नेणार आहेत. पण रोज सकाळी मला जळका वास येतो. आमचे वरिष्ठ हेमचंद्र सर रजेवर, मी नवी, त्यात बाई. रेंजर म्हणतात, मॅडम, वास तुमच्या नाकात बसलाय. हजारो वर्षांचं साठलेलं महिन्याभरात जाईल, आणि आग अजून आहे हे मला सिद्ध करता येत नाहीये.

तुमच्या आशीर्वादाची आत्ता फार गरज असलेली,
पद्मजा

*

लालबाग, दि. १७-२-९०

चि. पद्मजाला आशीर्वाद. खुशाली मागाहून, आधी हे वाच.

तुझं पत्र ऐकता ऐकता यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. म्हणाले, ही आपली गासडी आहे. बावीस वर्षं कापसाच्या गोदामात काढलीत यांनी. पट्ट्या मारून दाबलेल्या गासडीला आग लागली, की वरून पाणी मारतात. वरचा कापूस काळा पडतो, गार लागतो. आत मात्र आग खात बसलेली असते. विझली म्हणून सगळे घरी जातात, नि चौथ्या दिवशी गोदाम पेटतं.

हे सांगतात तसंच लिहिते. लांब लोखंडी सळई घे. मातीत खोल खुपस, शंभर मोज, उपस, नि हाताची मागची बाजू जवळ ने. लावू नको, जवळ ने. गरम असेल तिथे खूण कर. वरून पाणी ओतलं तर वाहून जातं. जागा फोडायची, उपसायची, फावड्याने चिखल होईस्तोवर पाण्यात कालवायची. आणि तो मेला चर बुजवा. हे मात्र माझं डोकं हो, यांचं नाही!

आणखी एक. फळी टाकल्याशिवाय पाऊल टाकू नको. वरून जमीन दिसते, खाली पोकळ असतं. यांचा जोडीदार दगडू तसाच गासडीवर चढला नि मांडीपर्यंत आत गेला. पाय कापावा लागला. इतक्या वर्षांत हे मला आज कळलं. पत्र एक्सप्रेसने टाकायला हे स्वतः निघालेत, सदऱ्याची बटणं खालीवर लावून.

जीव टांगणीला लागलेली,
आजी

*

लालबाग, दि. ९-३-९०

चि. पद्मजाला दोघांचे आशीर्वाद, यांचा एक जास्त.

तीन आठवडे पत्र नाही. मीच तिला शिकवलं, पोरगी आत गेली तर, असं म्हणत हे रोज जिन्यात पोस्टमनची वाट अडवून उभे. काल पत्र आलं, नि मी रडले काय, हसले काय! रखमा म्हणते, म्हातारीला लागिर झालं.

सळई रेंजरच्याच हातात दिलीस? नि अकरा जागा गरम? शाब्बास गो बाय! त्या मातीचा खालचा अर्धा भाग जळून गेला, हे मात्र यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, वरचा अर्धा आहे ना, त्याच्याकडे बघा.

आता तू लिहितेस, चर बुजवला, एकच जागा कोमट आहे, माणसं कंटाळली, येत्या आठवड्यात सगळे खाली उतरणार नि तू मुंबईला येणार. मी डबा घासूनसुद्धा ठेवला होता. पण हे म्हणतात, कोमट म्हणजे गरमच. पुरती गार झाल्यावर चार सकाळी जाईस्तोवर पंप हलू द्यायचा नाही. तू निघालीस तर पंपही निघेल. तेव्हा येऊ नको. माझ्या हाताने हे लिहवत नाही, पण येऊ नको. चौथी सकाळ गार लागली की तार कर.

तू येशील तेव्हा भांडायला तयार असलेली,
आजी

*

तार
दि. १९-३-९०

चौथी सकाळ. सळई गार. पद्मजा